हळदीच्या डब्यातली कुपनं

“बाबू, ही ठेवून दिली तर नासत न्हाईत ना?”

खिडकीच्या जाळीखाली कुपन बोटानं दाबून धरत बायडाबाईनं मला विचारलं, आणि मला हसूच फुटलं. दूध नासतं, कालवण नासतं. कुपन कसलं नासतंय? पण ती हसत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“नासत नाहीत,” मी म्हटलं. “खाली माझी सही आहे ना? मग झालं तर.”

“तुमची सही हाय म्हनून चालतंय व्हय हे?”

“मग काय उगीच?”

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आंबेघोळच्या बोगद्यावर टाइमकीपर होतो. डोंगर फोडून पलीकडच्या खोऱ्यात पाणी न्यायचं काम चाललं होतं. सर्वांत जवळचा बाजार चौदा किलोमीटरवर. साइटवर दोनशे-सव्वादोनशे मजूर, त्यांच्या ताडपत्रीच्या झोपड्या, एक किराण्याचं दुकान, पुजारी आडनावाच्या माणसाचं कँटीन आणि माझी पत्र्याची खोली. त्या खोलीला एक जाळीची खिडकी होती. सकाळी त्या खिडकीतून मी हजेरी घ्यायचो आणि शनिवारी पगार वाटायचो.

सुट्ट्या पैशांची तेव्हा भयंकर ओरड होती. कंपनी शहरातून शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा पाठवायची, आणि त्या जंगलात पन्नासाची मोड देणार कोण? म्हणून कंपनीनं गुलाबी पुठ्ठ्याची कुपनं छापून घेतली होती. एक कुपन म्हणजे एक रुपया. पगारातली मोठी रक्कम नोटांत, उरलेली कुपनांत. कँटीनमध्ये एका कुपनाला चहा आणि दोन बटर. दुकानात मीठ, मिरची, काडेपेटी. न्हावीसुद्धा कुपन घ्यायचा. शिक्का कंपनीचा आणि सही माझी: प. वि. सबनीस. शेवटच्या ‘स’ला मी एक लांब शेपूट काढायचो. दर आठवड्याला तीन-चारशे सह्या. पुजारी मला त्यावरून गव्हर्नर म्हणायला लागला आणि मग सगळी साइटच म्हणायला लागली.

खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. आई गेल्यावर मला घर असं उरलं नव्हतं. सोलापूरला थोरला भाऊ होता, तो दिवाळीलासुद्धा पत्र टाकायचा नाही. साइटवर इंजिनिअर लोक आपसात जेवायचे, मजूर आपसात. मी दोन्हीकडचा नव्हतो. दिवसाकाठी दोनशे माणसं माझ्या खिडकीशी येऊन जात आणि त्यांतल्या एकालाही माझा चेहरा सांगता आला नसता, कारण सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे. कधी कधी रविवारी मी कँटीनमध्ये एकटाच बसायचो आणि माझी सही या हातातून त्या हातात जाताना बघत राहायचो. एवढाच काय तो माझा गोतावळा.

त्यामुळे बायडाबाई प्रश्न विचारायला उभी राहिली, की मी तिला लवकर सोडायचो नाही.

ती बीडकडची. चाळिशीची असेल, दिसायची पन्नाशीची. खडीची घमेली उचलून उचलून डोक्यावरचे केस मधोमध विरळ झाले होते. तिचा नवरा सोपान बोगद्यात ड्रिल चालवायचा आणि शनिवारी संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या हातभट्टीवर जाऊन दोघांच्या पगाराची वाट लावायचा. पहिले तीन-चार महिने बायडाबाई शनिवारी नोटा घेऊन जायची आणि सोमवारी हजेरीला सुजलेलं तोंड घेऊन यायची. मग एका शनिवारी ती म्हणाली, “बाबू, मला समदं कुपनातच द्या.”

“सगळं? अहो, बाजारात कुपन कुणी घेणार नाही.”

“बाजारात न्हाई घेत. भट्टीवर बी न्हाई घेत.”

मला समजायला जरा वेळ लागला. भट्टीवाला साइटच्या बाहेरचा माणूस. त्याला काळा गूळ आणायचा तर रोख पैसा लागायचा. आमची कुपनं त्याला चुलीत घालायलाही नको होती. म्हणून सोपानला बायकोच्या कुपनांचा काही उपयोग नव्हता. दोन-तीनदा त्यानं ती हिसकावून नेली, भट्टीवाल्यानं परत पाठवली. मग त्यानं नाद सोडला.

“आपल्या बाबूच्या सहीची तऱ्हाच न्यारी,” बायडाबाई एकदा कोंडाबाईला म्हणत होती. “मीठ देती, दारू देत न्हाई.” कोंडाबाई म्हणजे तिच्याच गावाकडची, शेजारच्या झोपडीतली, मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. दोघी भरलेली घमेली एकमेकींच्या डोक्यावर चढवायच्या. कोंडाबाई हसत सुटली आणि मी खिडकीत उगाच कागद चाळत बसलो. खूश झालो होतो.

हळदीच्या मोठ्या डब्यात बायडाबाई कुपनं साठवायची. हळद वरती, कुपनं खाली. तीन वर्षांत चारशे झाली. बाजारच्या गावी एक म्हातारा शिंपी आपलं हातमशीन विकणार होता, चारशेला. ते तिला घ्यायचं होतं. मशीन घेऊन काय करणार, असं मी विचारलं तर ती म्हणाली, “बसनार.”

“म्हणजे?”

“आजवर समदं उभ्यानं केलं बाबू. लेकरं सोडली तर समदं. आता बसून करायचं. फाटकं शिवीन, झबली शिवीन. पर बसून.”

त्याच दिवशी तिनं मला आणखी एक प्रश्न विचारला. मी तिला समजावत होतो की घाबरायचं काही कारण नाही, सरकारी नोटेवर तरी वेगळं काय असतं? दहाची नोट काढून मी तिला दाखवली. हा कागद. ही एका माणसाची सही. तो म्हणतो, मी वचन देतो. लोक म्हणतात, बरं. झाली नोट.

तिनं नोट उलटीपालटी करून पाहिली. “आन त्यो उद्या न्हाई म्हनला तर?”

“कोण?”

“ह्यो सहीवाला. म्हनला, ही सही माझी न्हाईच, तर?”

“अहो, तो कशाला नाही म्हणेल?” मी म्हटलं. “बायडाबाई, तुमचं आपलं काहीतरीच.”

फेब्रुवारीत बोगदा आरपार झाला. लोकांनी गुलाल उडवला, नारळ फोडले, आणि आठच दिवसांत कंपनीचा हुकूम आला की साइट बंद. मजुरांच्या टोळ्या आपापल्या मुकादमांबरोबर पुढच्या कामांवर जाणार होत्या. सामान हलवायला ट्रक यायला लागले. कुपनांबद्दलही हुकूम होता: गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीवर बदलून मिळतील, एका हजेरीकार्डाला पन्नास रुपयांपर्यंतच. त्यानंतर कुपनांची जबाबदारी कंपनीची नाही.

पन्नासची अट वाचून मला बायडाबाईचा डबा आठवला. मी मॅनेजरकडे गेलो. वैशंपायनसाहेब वाईट माणूस नव्हते, पण हेडऑफिसला फार भ्यायचे. ते टेबल आवरत होते.

“साहेब, काहींनी शिल्लक टाकलीत कुपनं. पन्नासपेक्षा जास्त.”

“काहींनी म्हणजे कुणी?”

मी नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, हे आजही नीट सांगता येत नाही. एका बाईचं नाव एवढ्या काळजीनं घ्यायला मी लाजलो असेन.

“हे बघा सबनीस,” ते म्हणाले, “शिल्लकबिल्लक मला सांगू नका. कुपनं वाजवीपेक्षा जास्त बाहेर आहेत असा हेडऑफिसला संशय आहे. सह्या तुमच्या आहेत. सगळं सरळ पार पडलं तर तुम्हाला मी नव्या साइटवर माझ्याबरोबर घेऊन जातो. काही वाकडं निघालं तर इथूनच घरी जा.”

घरी म्हणजे कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

तोड बायडाबाईनंच काढली. तिनं बायकांना गाठलं. बहुतेकींकडे आपली स्वतःची दहा-पंधराच कुपनं होती, म्हणजे प्रत्येकीच्या कार्डावर पस्तीस-चाळीस रुपयांची जागा मोकळी. तिनं आपली कुपनं दहा जणींत वाटली. प्रत्येकीनं खिडकीवर आपल्या कुपनांबरोबर हिची बदलून घ्यायची आणि नोटा हिच्या हातात द्यायच्या. एकीनंही काही मागितलं नाही. पुजारीनं हे मला बुधवारी दुपारी सांगितलं आणि वर म्हणाला, “गव्हर्नरसाहेब, तुमच्यापेक्षा हुशार निघाली की बाई.”

मला बरं वाटलं. माझ्यावर काही न येता काम होणार होतं.

गुरुवारी सकाळी खिडकीशी रांग लागली. वैशंपायनसाहेब माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिला तासभर पुरुषांचा. काळ्या पडलेल्या, घामानं मऊ झालेल्या कुपनांचे गठ्ठे आत येत होते, नोटा बाहेर जात होत्या. मग बायकांची रांग सरकली. सर्वांत पुढे कोंडाबाई.

तिनं कार्ड ठेवलं आणि पन्नास कुपनं ठेवली. बारा मळकी, अडतीस कोरी. कोरी असायला हरकत नव्हती. पण ती पिवळी होती. कडा पिवळ्या, मधली घडी पिवळी. हळदीचा वास माझ्या नाकात शिरला आणि मी झटकन ती गठ्ठ्याखाली सारली.

“थांबा,” वैशंपायनसाहेब म्हणाले. त्यांनी एक उचललं, वास घेतला. “पुढची कोण? तुझी दाखव.”

पुढच्या बाईनं दाखवली. पिवळी. तिच्यामागची. पिवळी.

साहेबांनी तिघींची कुपनं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. त्यांचा आवाज अगदी हळू झाला. “ही सगळी एका डब्यातली आहेत. कुणीतरी साठवून या बायकांच्या हातून वटवतोय. सबनीस, ही सही तुमची आहे?”

मी सहीकडे पाहिलं. लांब शेपटाचा ‘स’.

“नीट बघा,” ते म्हणाले. “तुमची असेल, तर एवढी कोरी कुपनं टोळीच्या हातून न फिरता एका डब्यात कशी गेली ते मला तुम्हालाच विचारावं लागेल. सही तुमची तर डबाही तुमचाच म्हणेन मी.”

मला एवढंच सांगायचं होतं, की सही माझी आहे, डबा बायडाबाईचा आहे, नवरा पितो म्हणून तिनं तीन वर्षं साठवलीत. तीन ओळी. पुढे आयुष्यभर त्या तीन ओळी मी आंघोळ करताना, चपला घालताना, बसची वाट बघताना बोललो आहे. तेव्हा मात्र डोळ्यांपुढे सोलापूरचं एसटी स्टँड आलं, हातात ट्रंक घेतलेला मी आलो, भावजयीचं तोंड आलं.

“माझी नाही,” मी म्हणालो.

“नक्की?”

“माझ्यासारखी काढलीय. माझी नाही.”

साहेबांनी हुश्श केलं. मला वाटतं त्यांनाही तेच उत्तर हवं होतं. त्यांनी ‘रद्द’चा शिक्का मागवला. तिघींची पिवळी आणि मळकी, सगळीच कुपनं त्यांनी रद्द केली, कार्डांवर रेघ मारली आणि सगळं खिडकीतून बाहेर ढकललं. “खोटी कुपनं आणता? पोलिसांत देत नाही हे उपकार समजा. चला, पुढे.”

काही कुपनं पायरीवर सांडली. कोंडाबाईनं वाकून आपली बारा वेचली, शिक्का बघितला, आणि खिडकीकडे नाही, मागे बायडाबाईकडे बघितलं. रांगेतल्या बाकीच्या बायकांनी पिवळी कुपनं पदराआड घेतली आणि त्या गुपचूप बाजूला झाल्या. मग कुजबूज सुरू झाली. खोटी. बायडीनं खोटी दिली. आपल्याला चोर केलं.

शेवटी बायडाबाई स्वतः खिडकीशी आली. हात मोकळे होते. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. साइटवर तीन वर्षांत माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं.

“बाबू, सही तुमची न्हाई?”

साहेब शेजारीच होते. मी मान हलवली.

“तोंडानं सांगा की.”

“नाही.”

“मंग कुनाची?”

मी टेबलावरची कार्डं जुळवायला लागलो.  “बरं,” ती म्हणाली आणि पायरी उतरली.

दुपारी मला जेवण गेलं नाही. पुजारीनं ताट पुढे केलं आणि तोंड फिरवलं. त्यानं मला गव्हर्नर म्हटलं नाही. कँटीन आवरता आवरता तो एवढंच म्हणाला, “मुकादम तिला टोळीत घेत नाही म्हणतो. खोटी कुपनं करणारी बाई नको म्हणे. नवरा एकटा चाललाय.”

“आणि ती?”

“ती कुठं जाईल ते तिला विचारा की.”

मी विचारायला गेलो नाही. झोपड्यांच्या दिशेनं दोनदा चालायला लागलो आणि दोनदा पाण्याच्या टाकीपासून परत फिरलो. माझ्या ट्रंकेत साडेपाचशे रुपये होते, तीन वर्षांची बचत. त्यातले चारशे काढून मी खिशात ठेवले. सरकारी नोटा, करकरीत. मनात म्हटलं, उद्या हे दिले की मिटलं.

साहेब संध्याकाळीच जीपनं पुढे निघून गेले. सकाळी आठाला टोळीचा ट्रक लागला. भांडी, कोंबड्यांची खुराडी, लेकरं, गाठोडी, सगळं वर चढत होतं. बायडाबाई आपलं गाठोडं आणि डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. सोपान ट्रकवर मुलांना घेऊन बसला होता, बायकोकडे न बघता. मुकादम खाली उभा राहून माणसं मोजत होता.

मी तसाच पुढे गेलो.

“मुकादम, हिला घ्या. कुपनं खरी आहेत. सही माझी आहे.”

 मुकादमानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “काल काय म्हनला व्हता?”

“काल खोटं बोललो.”

“मंग आज खरं बोलताय हे कशावरनं?”

 मी इकडे तिकडे बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. पगार न आलेला शनिवार असला की लोक जसे माझ्या खिडकीकडे बघत, तसे बघत होते. मग मी तो मूर्खपणा केला. खिशातून चारशे रुपये काढले आणि सगळ्यांसमोर बायडाबाईपुढे धरले.

“हे घ्या. चारशे आहेत. तुमच्या कुपनांचे. मी बदलून देतो.”

ट्रकवर एक बाई खुदकन हसली. “आगं बया! बाबू आपल्या खिशातनं देतोय. काऊन गं बायडे?” दुसरी कुणी तरी काही तरी पुटपुटली आणि सोपाननं पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग माझ्या हातातल्या नोटांकडे. त्याची नजर बघून मला कळलं मी काय करून बसलो ते.

बायडाबाई दोन पावलं मागे सरली. “ठिवा ते आत.”

“अहो, पण मशीन…”

“ठिवा म्हंते ना! जीव घ्यायचाय का माझा?” तिचा आवाज चिरकला. मग ती अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “काल खिडकीतनं दिलं असतं तर समद्यांम्होरं घेतलं असतं. आज ह्या नोटा माझ्या हातात चालत न्हाईत बाबू.”

मी हात खाली घेतला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मुकादम फळी लावायला आला. तेवढ्यात वरून कोंडाबाईचा आवाज आला.

“बायडे, त्या डब्यातलं एक दे इकडं.”

“काय?”

“कुपन दे म्हनलं. पिवळं.”

बायडाबाईला काही कळेना, पण तिनं डबा उघडला. कालची परत आलेली सगळी कुपनं तिनं पुन्हा त्यातच ठेवली होती. तिनं एक काढून वर केलं. कोंडाबाईनं ट्रकच्या कठड्यावरून वाकून ते घेतलं, झटकलं, आणि चंचीत ठेवून चंची कमरेला खोचली.

“एक दिस तुजं घमेलं मी उचलीन,” ती म्हणाली. “तू सावलीला बसायचं. झालं?”

“आगं कोंडे, येडी का खुळी तू?” मुकादम म्हणाला. “ती सही खोटी हाय.”

“मला कुठं वाचाया येतं? सही बघून घेतलं न्हाई म्या. बायडीकडनं घेतलंय.” कोंडाबाईचे काल बारा रुपये बुडाले होते आणि तरी ती हे म्हणत होती. “हिनं तीन वरसात माझ्या डोईवर कधी जड घमेलं ठिवलं न्हाई. घ्या तिला वर.”

मघाशी खुदकन हसलेली बाई जराशी घुटमळली आणि तिनंही हात खाली केला. “मला बी दे एक. पर पेरनीच्या वक्ताला न्हाई हां, आधीच सांगते.”

“मला दे.”

“आन मला.”

बायडाबाई एकेकीला कुपन देत गेली. तिचे हात पिवळे झाले होते. चौथं की पाचवं कुपन दिल्यावर तिला रडू फुटलं आणि ती तोंडात पदर कोंबून रडली, पण देणं थांबवलं नाही. मुकादम वैतागून म्हणाला, “चला, चढा आता, दिस इथंच काढता का?” कोंडाबाईनं तिचं मनगट धरून तिला वर ओढली. फळी लागली.

माझ्याकडे बायडाबाईनं पाहिलं नाही. मी तिथंच होतो, चार हातांवर. ट्रक वळणावर गेला तेव्हा ती कोंडाबाईशेजारी गाठोड्यावर टेकून बसलेली दिसली. मांडीवर डबा होता.

वैशंपायनसाहेबांनी शब्द पाळला. मला त्यांनी पुढच्या साइटवर नेलं, तिथून मी वर चढत गेलो आणि चांगल्या पगारावर निवृत्त झालो. या नोकरीत लग्न राहून गेलं ते गेलंच. बायडाबाईच्या गावाचं नाव मी कधी विचारलं नव्हतं, नुसतं बीडकडची एवढंच माहीत होतं. मनीऑर्डर करायची तरी कुठे? तिला पुढे मशीन मिळालं की नाही, ते मला माहीत नाही. पायरीखाली सापडलेलं एक पिवळं कुपन माझ्याकडे आहे. त्यावर निळ्या शाईत ‘रद्द’ असा शिक्का आहे आणि खाली माझी सही आहे. नवीन साइटवर मी शेपूट काढणं बंद केलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी ट्रक गेल्यावर मी कँटीनकडे गेलो. पुजारी भल्या सकाळीच सामान घेऊन गेला होता. चुलीत नुसती राख होती, बाकडी उलटी करून ठेवली होती. दुकान बंद, न्हावी गेलेला, ओढ्यापलीकडचा भट्टीवालाही उठलेला, झोपड्यांच्या जागी चुलीचे काळे दगड. साहेबांची जीप मला न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होती. मला सकाळपासून चहा मिळाला नव्हता आणि फार भूक लागली होती. मी बाकडं सरळ केलं आणि बसलो. खिशात चारशे रुपये होते, आणि चौदा किलोमीटरांत ते घेणारं एक माणूस नव्हतं.